दोन वाजताची होडी

“आली! होडी आली!” पाण्याच्या टाकीवर चढून बसलेला ओत्सो ओरडला आणि शिडीच्या निम्म्या पायऱ्या गाळून खाली आला.

वेन्लाने शेवटची चादर कशीबशी गादीखाली खोचली. सकाळपासून ती आणि कुल्वा-दोतो या जुळ्या बहिणी नुसत्या राबत होत्या. वीस खाटा, वीस उशा, वीस मग आणि वीस जोड रबरी चपला. इरुबा बेटावरून मोतीबिंदूची वीस माणसं यायची होती. आज तपासणी, उद्या आराम आणि सोमवारी वेन्लाची आई त्यांची ऑपरेशनं करणार होती.

चौघं धक्क्यावर पोचली तेव्हा मदुहू आजोबा दोर बांधत होते. ते जुळ्यांचे सख्खे आजोबा आणि डोळ्यांच्या दवाखान्याच्या होडीचे चालक. होडीत वीस नारिंगी जाकिटं नीट रचून ठेवलेली होती. माणूस मात्र एकही नव्हता.

“परत तेच?” कुल्वाने विचारलं.

“तासभर थांबलो,” आजोबा म्हणाले. “तिथे चिटपाखरू नव्हतं.”

मागच्या शनिवारीही अस्संच झालं होतं. तेवढ्यात दवाखान्याचे व्यवस्थापक फेस्तो साहेब आले. त्यांच्या उजव्या कानाला मोबाइल जन्मापासून चिकटलेला असावा असं ओत्सोचं मत होतं. तो त्यांनी क्षणभर बाजूला केला, रिकाम्या होडीकडे पाहिलं, “वाटलंच होतं,” म्हणाले आणि पुन्हा कानाला लावला.

वेन्ला बारा वर्षांची, ओत्सो आठ वर्षांचा. फिनलंडच्या उत्तरेला केमी नावाचं गाव आहे, तिथून तीन आठवड्यांपूर्वी हे कुटुंब टांझानियात, या मोठ्या सरोवराच्या काठी कितुंबाला आलं होतं. तिकडची एक सेवासंस्था इथे डोळ्यांचा मोफत दवाखाना चालवत होती. आई पैवी तिथे डॉक्टर, तर बाबा यार्क्को इंजिनं, वीज, पाणी, होडी आणि जे जे बिघडेल ते ते सांभाळणारे. दोन वर्षं राहायचं होतं. जायचं की नाही यावर घरात मतदान झालं होतं आणि वेन्ला तीन विरुद्ध एकने हरली होती. अजून चार खोकी उघडायची बाकी होती. त्यातल्या एकात लोकरीच्या मोज्यांचे अकरा जोड निघणार हे तिला माहीत होतं, कारण ते बाबांनी भरले होते.

बाबा माणूस भला, पण बोलणं मोजकं. केमीत सगळेच तसे. तिथे शेजाऱ्याला वर्षातून दोनदा ‘थंडी आहे’ म्हटलं की शेजारधर्म पूर्ण होतो. इथे चार टोमॅटो घ्यायचे तरी आधी बाईला झोप कशी लागली, मुलं बरी आहेत ना, आईचा गुडघा काय म्हणतो, कोंबड्या अंडी देतायत ना, इतकं सगळं विचारावं लागे. मोठ्या माणसाला तर आधी ‘शिकामू’ म्हणायचं, म्हणजे पाया पडते, आणि त्याने ‘मराहबा’ म्हटलं की मग पुढचं. बाबा सगळ्यांना नुसती मान हलवत. त्यांची एकच तक्रार होती, आणि ती मात्र ते रोज बोलून दाखवत. “इथे वेळेचं कुणाला काही नाही.”

त्याला कारणही घडलं होतं. सुतार म्हणाला, साआ तनो, म्हणजे पाच वाजता येतो. बाबा संध्याकाळी पाचला दारात उभे राहिले. सुतार दुपारच्या आधीच येऊन, कुणी दार उघडेना म्हणून बाक अंगणात टाकून गेला होता. दूधवाली बाई एक वाजता सांगून भल्या सकाळी हजर. बाबांनी एक सुस्कारा टाकला होता आणि घड्याळाला किल्ली दिली होती.

सोमवारी सकाळी जुळ्या खेळायला आल्या नाहीत. वेन्ला त्यांच्याकडे गेली. मदुहू आजोबांचं घर दवाखान्याच्याच आवारात, आंब्याच्या झाडाखाली होतं. दोघी पायरीवर बसल्या होत्या. एरवी त्या एकमेकींचे कपडे घालून लोकांना फसवत. आज त्यांनी तेही केलं नव्हतं. एका बाजूला गाठोडी बांधलेली दिसत होती.

दोतोनेच सांगितलं. आजोबांना कामावरून काढलं होतं. येत्या रविवारपासून नवा चालक, आणि घरही त्याला. इरुबाच्या फेऱ्या तर आता बंदच, कारण दोनदा होडी रिकामी आली. डिझेल जाळायचं ते कशासाठी?

“मग तुम्ही?”

“बेटावर. न्यान्झाला आजीकडे. शाळाही तिथलीच.” न्यान्झाला आजी म्हणजे मदुहू आजोबांची थोरली बहीण. त्या वीस जणांत तिचं नाव पहिलं होतं.

वेन्ला त्यांच्याशेजारी पायरीवर टेकली. इथे आल्यापासून तिला मैत्रिणी म्हणून याच दोघी. ऊस दातांनी कसा सोलायचा, टोमॅटोवाल्या बाईला काय काय विचारायचं, डोक्यावर पाण्याची बादली ठेवून कसं चालायचं (हे अजून जमलं नव्हतं), सगळं यांनीच शिकवलं. त्या गेल्या तर दोन वर्षं ओत्सोबरोबर काढायची?

ती तडक जनित्राच्या खोलीत गेली. बाबांचे फक्त पाय दिसत होते.

“बाबा, मदुहू आजोबा खोटं बोलत नाहीत.”

“मी तसं म्हटलेलं नाही,” पाय म्हणाले.

“मग काढलं कशाला?”

“वेळेवर गेले नाहीत. फेस्तोने दोन्ही वेळा होडी उशिरा सुटलेली पाहिली. मी त्यांना घड्याळ दाखवून सांगितलं होतं, बेटावर दोन वाजता पोचा. आजारी माणसं उन्हात किती थांबणार?”

“पण तू आजोबांना विचारलंस का, किती वाजता गेलात ते?”

बाबा बाहेर आले. पाना फडक्याने पुसू लागले. तो स्वच्छ झाला तरी पुसतच राहिले. त्यांनी विचारलं नव्हतं. केमीत म्हाताऱ्या माणसाला ‘उशीर का केलात’ म्हणणं म्हणजे त्याच्या थोबाडीत मारण्यासारखं. आणि मदुहू आजोबांनीही आपणहून सांगितलं नव्हतं, कारण साहेबाने निर्णय सांगितल्यावर त्याला उलट बोलायचं ही इथली रीत नव्हे. दोघंही इतके सभ्य, की एकाने विचारलं नाही आणि दुसऱ्याने सांगितलं नाही!

“म्हणजे दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय,” वेन्ला परत आल्यावर दोतो म्हणाली.

“किंवा दोघंही खरं बोलतायत,” कुल्वा म्हणाली. ती दोतोपेक्षा दहा मिनिटांनी मोठी होती आणि त्यामुळे शहाणपणाचं बोलणं आपल्याकडे आहे असं समजे. “आपण त्या वीस जणांनाच विचारू या की. आजीपासून सुरुवात.”

बुधवारी जुळ्यांची म्बुला मावशी बेटावर मासळी आणायला निघाली, तिच्याबरोबर चौघांना जायला मिळालं. आईच्या अटी तीनच होत्या: जाकीट काढायचं नाही, टोपी काढायची नाही आणि ओत्सोचा हात सोडायचा नाही. ओत्सोला तिसरी अट अपमानाची वाटली. त्याला वाढदिवसाला नवं घड्याळ मिळालं होतं आणि घड्याळवाल्या माणसाचा हात कुणी धरत नाही असं त्याचं म्हणणं होतं.

मावशीच्या पोत्यांतून दगाचा वास येत होता. दगा म्हणजे बोटाएवढी चंदेरी मासळी, उन्हात वाळवायची. नाव दगा असलं तरी सरोवराकाठच्या निम्म्या घरांना ती कधी दगा देत नाही. कोळी रात्रभर कंदील लावून ती पकडतात आणि दुपारी गाढ झोपतात. त्यामुळे इरुबाच्या धक्क्यावर दुपारी खरंच कुणी नसतं.

सकाळी मात्र गजबज होती. धक्क्यालगतच्या मोठ्या झाडाच्या खोडावर, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चार खिळ्यांनी ठोकलेला एक कागद होता. इतके सरळ खिळे फक्त बाबांच्या कागदालाच असतात. वेन्लाने अक्षरही ओळखलं. पूर्वी दवाखान्याचा निरोप तोंडी जाई. मदुहू आजोबा बाजारातल्या बायकांना सांगत, बायका बेटभर करत. बाबांनी ती पद्धत सुधारली होती. स्वाहिलीचं पुस्तक आणि शब्दकोश घेऊन त्यांनी स्वतः सूचना लिहिली आणि मासळीच्या होडीबरोबर येऊन इथे ठोकली होती. *डोळ्यांच्या रुग्णांसाठी होडी. शनिवारी साआ २ ला. जेवण, झोपायची सोय मोफत.*

“चुका नाहीत,” कुल्वाने वाचून निर्वाळा दिला. “तुझ्या बाबांनी बरं लिहिलंय.”

दोतो झाडाखाली फिरत होती. “इकडे या!”

तिथे तीन दगडांची चूल होती, थंड राखेची. उसाची चोयटं होती, केळीच्या सालींचा ढीग होता आणि खोडाला टेकवून ठेवलेली एक विसरलेली काठी. काठीला वर लाल चिंधी बांधलेली.

“ही आजीची काठी,” दोतो म्हणाली.

म्हणजे माणसं आली होती! एक-दोन नव्हे, चांगली वीस-पंचवीस, आणि नुसती आली नव्हती, चूल पेटवून बराच वेळ बसली होती. मग होडीला ती दिसली कशी नाहीत?

न्यान्झाला आजीचं घर टेकडीपलीकडे, तासाभराच्या वाटेवर. ती दारात कसावा सोलत बसली होती. डोळ्यांवर दुधाळ पडदा, पण सुरी अशी चालत होती की पाहणाऱ्यानेच बोटं मागे घ्यावी.

“शिकामू, आजी,” चौघं म्हणाली.

“मराहबा. चार आवाज. दोन माझे, दोन परदेशी.” आजीने सुरी थांबवली. “मदुहूच्या नाती ना? मग त्याला सांगा, मी त्याच्याशी बोलत नाही.”

कुल्वाने दोतोचा आवाज काढून का म्हणून विचारलं. आजी म्हणाली, “तू कुल्वा. मला आंधळी समज, बहिरी समजू नकोस.” आणि मग तिने जे सांगायला सुरुवात केली ते थांबेचना. दोन शनिवार! दोन्ही वेळा अंधार सरताच घर सोडलं. पलीकडच्या वाडीतला सत्तरीचा गुराखी, वाण्याची आई, सगळी नातवंडांच्या खांद्यावर हात ठेवून टेकडी उतरली. साआ म्बिली सांगितलं होतं, म्हणजे दोन वाजता. तर त्याच्या आधीच सगळे हजर. सूर्य डोक्यावर येईतो बसले. होडी कसली न काय कसली! मग बाया-बापड्या उपाशी परत फिरल्या, आणि दुसऱ्यांदा तर ती काठीच विसरून आली.

“पण आजी, आजोबा दोन वाजता तिथेच होते!” वेन्ला कळवळून म्हणाली.

“दोन वाजता त्या पाण्यावर फक्त बगळे होते, पोरी. बगळा मला दिसत नाही, ऐकू येतो.”

“आता काय करायचं?” टेकडी उतरताना दोतोने विचारलं. आजोबा दोन वाजता तिथे होते. आजी दोन वाजता तिथे होती. दोघं भाऊ-बहीण, दोघं साठ वर्षं एकमेकांना ओळखणारे, आणि एकाच धक्क्यावर एकाच वेळी असून भेटले नाहीत. वेन्लाने खूप डोकं खाजवलं. बेटाला दुसरा धक्का आहे का? नाही. शनिवार चुकला असेल? तोही नाही. 

“जेव्हा मला आजी शेवटची नीट दिसली, म्हणजे आजीला मी,” कुल्वा एकदम म्हणाली, “तेव्हा मी पहिलीत होते. माझे पुढचे दात पडलेले. तिला वाटतं मी अजून तशीच आहे.”

धक्क्यावर आता सामसूम होती. म्बुला मावशी पोत्यावर बसून वाट पाहत होती. तिकीटवाल्याने होडी साआ तिसाला सुटेल म्हणून सांगितलं. ओत्सोने बोटांवर मोजलं. त्याला आकडे पाठ होते आणि ते वापरायची संधी तो सोडत नसे. मोया, म्बिली, तातु… तिसा म्हणजे नऊ! मग त्याने घड्याळ पाहिलं आणि त्याचा चेहरा रडवेला झाला.

“पावणेतीन झालेत! नऊ वाजेपर्यंत इथे बसायचं? आई मारेल!”

“का बसायचं?” दोतो म्हणाली. “पाव तास तर राहिलाय.”

“नऊला सहा तास आहेत!”

“अरे, हे बघ.” दोतोने त्याचं मनगट धरलं. “मोठा काटा इथे वर, बारावर आला की साआ तिसा. नऊ. शाळेत नाही शिकवलं?”

“ते तीन आहेत!”

“तीन काय? सकाळी सूर्य उगवला, एक तास झाला की एक. दोन तास झाले की दोन. आता नववा तास संपत आलाय. साधी गोष्ट आहे. तुमच्याकडे कुठून मोजतात?”

“मध्यरात्रीपासून,” ओत्सो म्हणाला.

दोतो आणि कुल्वा पोट धरून हसल्या. मध्यरात्रीपासून! सगळे झोपलेले असताना दिवस सुरू करायचा म्हणजे कमालच झाली. इंग्रजीच्या तासाला बाई तसं शिकवत खरं, पण ते फक्त परीक्षेसाठी असतं असा त्यांचा समज होता.

वेन्ला हसली नाही. ती उठली आणि झाडाकडे पळाली. बाबांचा कागद तिथेच होता. *साआ २ ला.* सूर्य उगवल्यावर दोन तासांनी. म्हणजे सकाळी आठ! आजीसह ते वीस जण सकाळी आठला आले, दुपारी बारापर्यंत थांबले. आजोबांना मात्र बाबांनी घड्याळ दाखवलं होतं, काटा दोनवर ठेवून. आजोबांनी काटा पाहिला, मनात ‘साआ नाने, आठ’ म्हटलं आणि अगदी बरोबर दुपारी पोचले. आजी बरोबर होती, आजोबा बरोबर होते आणि कागदातही शुद्धलेखनाची चूक नव्हती. फक्त लिहिणारा केमीचा होता.

केमीत सूर्याच्या भरवशावर घड्याळ लावायची कुणाची छाती नाही. उन्हाळ्यात तो मावळायचं नाव घेत नाही आणि हिवाळ्यात डोकं वर काढायला कंटाळतो. इथे तो बारा महिने सहाच्या सुमाराला उगवतो, मास्तरासारखा. सुतार, दूधवाली, सगळी माणसं आपापल्या वेळेवर आली होती. वेळेचं काही नव्हतं ते बाबांना. स्वाहिलीच्या पुस्तकात घड्याळाचा धडा नववा होता, आणि बाबा सातव्या धड्यावर अडकले होते.

घरी येताच वेन्ला सांगायला गेली. बाबा फोनवर होते, हेलसिंकीच्या कार्यालयाशी बोलत होते. त्यांनी हाताने ‘नंतर’ अशी खूण केली. ती फेस्तो साहेबांकडे गेली. त्यांनी तिचं अर्धं वाक्य ऐकलं आणि मोठ्यांच्या कामात मुलांनी पडू नये असं बजावलं. आजोबांना सांगितलं तर ते हादरलेच. साहेबाला तोंडावर ‘तुम्ही चुकलात’ म्हणायचं? छे छे. त्यापेक्षा बेटावर जाऊन मासे पकडलेले बरे.

“सांगून पालथ्या घड्यावर पाणी,” वेन्ला म्हणाली. “यांना सांगायचं नाही, खायला घालायचं.”

दालचिनीच्या गोड पावांचा वास बाबांना केमीच्या टोकापासून ओढून आणू शकतो, हे तिला माहीत होतं. आईने भट्टी वापरायला परवानगी दिली, कारण विचारलं नाही. गुरुवारी तिने तीन चिठ्ठ्या लिहिल्या, कुल्वाने तपासल्या. *शुक्रवारी साआ ४ ला आमच्या घरी गोड पाव खायला यावे.* एक फेस्तो साहेबांना, एक मदुहू आजोबांना आणि एक बाबांना. बाबांनी ती वाचली, स्वाहिली चांगली सुधारली म्हणून लेकीचं कौतुक केलं आणि खिशात घातली.

शुक्रवारी सकाळी दहाच्या ठोक्याला आजोबा स्वच्छ सदरा घालून आले. त्यांच्यामागून फेस्तो साहेब, मोबाइलसह. दोघं एकमेकांकडे न बघता ओसरीवर बसले. ओत्सोने आग्रह करकरून वाढलं. आजोबांनी तीन पाव खाल्ले, फेस्तो साहेबांनी सहा आणि उरलेल्यांची जबाबदारी मुलांनी उचलली. तीस पावलांवर जनित्राच्या खोलीत बाबांना वास येत होता. खिडकीतून त्यांचं नाक दिसत होतं. पण वेळ म्हणजे वेळ! नाक आत गेलं.

दोघांना वेन्लाने दुपारी पुन्हा यायची गळ घातली होती. बरोबर चार वाजता बाबा हातपाय धुऊन, केस विंचरून ओसरीवर आले. टेबलावर मोठं ताट होतं. ताटात चुरा होता, आणि एक मुंगी.

“पाव?” बाबा म्हणाले.

“संपले,” वेन्ला म्हणाली. “आम्ही तुझी खूप वाट पाहिली.”

“मी वेळेवर आलोय. चार.” त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. “साआ ४.”

“बाबा, तू सहा तास उशिरा आलास.”

 बाबांनी चिठ्ठी पाहिली, घड्याळ पाहिलं आणि मग सूर्याकडे पाहिलं. वेन्लाने झाडावरून काढून आणलेला तो दुसरा कागद चुऱ्याशेजारी ठेवला, आणि त्याच्यावर तिथूनच आणलेली आजीची लाल चिंधीची काठी. मग तिने सगळं सांगितलं: राख, उसाची चोयटं, उपाशी परत गेलेली माणसं.

फेस्तो साहेबांनी मोबाइल कानावरून काढला आणि तो पालथा टेबलावर ठेवला. दवाखान्यातल्या कुणीही हे दृश्य आधी पाहिलेलं नव्हतं.

“मला कागद दाखवला होता,” ते हळूच म्हणाले. “मी साआ म्बिली वाचलं, सकाळचं. बारा वाजता मी मोटरसायकलवरून ओरडलो, मदुहू, अजून इथेच? तर हे म्हणाले, अजून वेळ व्हायचीय. मला वाटलं, थट्टा करतायत. एकदा थांबून विचारलं असतं तर…”

“साहेब घाईत होते,” आजोबा म्हणाले. एवढं होऊनही ते दुसऱ्याची बाजू सावरत होते.

  मग बाबा उठले, मदुहू आजोबांसमोर गेले आणि ज्या माणसाला तीन आठवडे त्यांनी नुसती मान हलवली होती, त्याच्यापुढे कमरेत वाकले.

“शिकामू,” ते म्हणाले.

आजोबांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. “मराहबा,” ते म्हणाले. “मराहबा, इंजिनिअर साहेब.”

“झोप कशी लागली?” बाबांनी विचारलं. “घरी सगळे बरे? कोंबड्या?” संध्याकाळचे चार वाजले होते, पण आजोबांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. सगळ्यांत शेवटी बाबांनी विचारलं, “तुम्ही मला सांगितलं का नाहीत?” आजोबा म्हणाले, “तुम्ही विचारलं नाहीत, साहेब.”

गाठोडी त्याच संध्याकाळी सुटली. निरोप म्बुला मावशीने नेला, तोंडी, जुन्या पद्धतीने. शनिवारी सकाळी आठला मदुहू आजोबांची होडी इरुबाच्या धक्क्याला लागली तेव्हा वीसऐवजी तेवीस माणसं बसली होती. तीन खाटा कमी पडल्या. वेन्ला, कुल्वा आणि दोतो यांनी आपल्या गाद्या दिल्या आणि जमिनीवर लोकरीच्या अकरा जोड मोज्यांची उशी करून झोपल्या. शेवटी तेही खोकं उघडलं गेलं.

सोमवारी ऑपरेशनं झाली. मंगळवारी आईने न्यान्झाला आजीची पट्टी सोडली, तेव्हा सगळी मुलं खाटेशी उभी होती. जुळ्यांनी कपडे अदलाबदल केले होते. आजीने डोळे मिचकावले. पाणी आलं, तिने ते पुसलं आणि समोर पाहत राहिली.

“दात आले की गं तुम्हाला,” ती म्हणाली. मग बोट दाखवून, “हसू दाबतेय ती दोतो. जिला वाटतंय मी फसणार, ती कुल्वा. दोघी अगदी मदुहूवर गेल्यात. बिचाऱ्या.”

मदुहू आजोबा दारात उभे राहून हसत होते आणि डोळे पुसत होते. आईने वेन्लाच्या डोक्यावर हात ठेवला. मला वर्षभर तपासून जे दिसलं नसतं ते तुम्हाला दिसलं, असं ती म्हणाली. बाबांच्या काखेत स्वाहिलीचं पुस्तक होतं, नवव्या धड्यात बोट घातलेलं.

“आणि ही घड्याळवाली पोर ना?” आजीने वेन्लाला जवळ ओढलं, तिचा चेहरा सावकाश पाहून घेतला. “सांग बघू, किती वाजले?”

वेन्लाने ओत्सोचं मनगट धरलं. काटा आठवर होता. बाहेर सूर्य उगवून दोन तास झाले होते.

“साआ म्बिली, आजी. दोन वाजले.”

“हं,” आजी म्हणाली आणि उशीला टेकली. “मग होडी वेळेवर आली म्हणायची.”